काटकोन आणि अर्धी वाक्यं

६ जानेवारी

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद, आणि पहिली विनंती: पुन्हा फोन करू नकोस. काल तू जे काही ओरडलास ते खालच्या मजल्यावर कळलं, समोरच्या दारात कळलं, फक्त मला कळलं नाही. समोरची विचारत होती, "तुमच्या भावाचा मोठा कारखाना आहे का हो? आवाज तसा वाटला." जन्मभर टेलिफोनच्या ऑफिसात बसून "थांबा, जोडून देते" म्हणणाऱ्या बाईला आता फोनवर नुसती खरखर ऐकू यावी, काय म्हणायचं याला! तेव्हा पत्र लिही. तुझं अक्षर वाईट आहे, पण ते ओरडत नाही.

गुडघ्याचं विचारलं असशील असं धरून सांगते. ऑपरेशन चांगलं झालं असं डॉक्टर म्हणतात. त्यांचं झालं, माझं व्हायचंय अजून. दवाखान्यातून घरी आले ती दोघा शेजाऱ्यांच्या हातातल्या खुर्चीतून. कपाट चढवतात तसं मला दुसऱ्या मजल्यावर चढवलं. "जरा तिरकी घ्या, कठड्याला घासतेय," असं एक जण म्हणाला. ते मात्र मला स्वच्छ ऐकू आलं.

तेव्हापासून खाली उतरलेली नाही. एक मुलगी व्यायाम शिकवायला येते. तिच्याकडे कोन मोजायची पट्टी आहे. गुडघा काटकोनाच्या पुढे वाकला तर जिना उतरता येईल, काटकोनाच्या अलीकडे राहिला तर काही खरं नाही. काटकोन, काटकोन, काटकोन. मी तिचं नावच काटकोन ठेवलंय. डॉक्टरांनी मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर वाकला नाही तर म्हणे भूल देऊन जोराने वाकवतात.

आणि चिरंजीवांनी त्यांच्याकडची तळमजल्यावरची मागची खोली रंगवून घेतली आहे. रंग कुठला हवा हे मला विचारलं नाही, यावरून काय ते ओळख. "मार्चपर्यंत बघू आई, नाहीतर हे घर बंद करू," म्हणाला. पोरगा वाईट नाही. पण छोट्या, हे घर माझं आहे. इथल्या नळाला कुठल्या बाजूला पिळलं की तो गळायचा थांबतो, हे फक्त मला माहीत आहे. मला त्या मागच्या खोलीत जायचं नाही.

तुझी,
ताई


१३ जानेवारी

प्रिय ताई,

पाय इथूनच धरतो, दुखरा सोडून दुसरा.

तुझं पत्र वाचून मला राग आला, गुडघ्याचा. एवढीशी गोष्ट आणि सगळ्या घराला वेठीला धरते म्हणजे काय! आता माझं ऐक. शिलाई मशीन दुरुस्त करता करता माझे केस गेले, पण एक अक्कल आली. वापरून बिघडलेली मशीन माझ्याकडे कमी येतात. जास्त येतात ती कोपऱ्यात पडून राहिलेली. तेल सुकतं, चाक आवळतं, आणि मग मालक म्हणतो, "काल तर चालत होतं." काल म्हणजे कुठला काल, ते तो सांगत नाही.

तुझा प्रश्न शिस्तीचा आहे. रोज ठरल्या वेळी व्यायाम, बस. सोबत एक घड्याळ पाठवतोय. त्याचा गजर असा आहे की कारखान्यातली मशीन चालू असताना ऐकू येतो.

माझंच बघ. रक्तदाब वाढला, डॉक्टर म्हणाले रोज सकाळी चाला. त्या दिवसापासून एक दिवस बाग चुकवलेली नाही. शिवाय करमणूक वेगळी. काल एक गृहस्थ मित्राला सांगत होते, "मी बायकोला म्हटलं, उद्यापासून साखर बंद. ती म्हणाली, बरं. मी म्हटलं, लोणी बंद. ती म्हणाली, बरं. मी म्हटलं, तळलेलं बंद. ती म्हणाली, मग चूल तरी कशाला पेटवू? मी माहेरी जाते." मित्राने विचारलं, "मग?" गृहस्थ बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग काय. आज भजी आहेत." म्हणजे बघ, ठाम राहणं किती महत्त्वाचं आहे.

तुझा,
छोट्या


२९ जानेवारी

प्रिय छोट्या,

बहिऱ्या बहिणीला गजराचं घड्याळ पाठवणारा भाऊ जगात एकच असेल आणि तो माझ्या वाट्याला आला. गजर वाजतो तेव्हा मी शांत झोपलेली असते आणि समोरची येऊन दार बडवते. दाराचे धक्के मला पलंगापर्यंत कळतात. मग मी उठते, दार उघडायला लंगडत जाते, तिची क्षमा मागते. एवढाच काय तो माझा व्यायाम. काल तिने घड्याळ स्वतःच्या घरी नेलं आणि उशीखाली पुरलं.

तुझी शिस्त तुझ्यापाशी ठेव. तुला या व्यायामाची कल्पना नाही. पलंगावर पाय लांब करून बसायचं आणि टाच गादीवरून मागे ओढायची. सोडायची. पुन्हा ओढायची. फरशी पुसल्यासारखं. फरशी तरी स्वच्छ होते! पहिले काही दिवस मी अगदी दात-ओठ खाऊन केलं. मग पाहुणे आले. मग सर्दी झाली. मग एक दिवस दुखत होतं म्हणून राहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दुखत नव्हतं म्हणून राहिलं. मग "सोमवारपासून" असं ठरवलं. माझे किती सोमवार होऊन गेले ते विचारू नकोस.

काटकोन येते, पट्टी लावते, "आजी, करताय ना?" म्हणते. मी हो म्हणते. पट्टी नाही म्हणते. त्या पट्टीचा मला इतका राग येतो!

आपण आळशी नाही रे. मी एकही दिवस रजा न घेता नोकरी केली. मग ही टाच का ओढली जात नाही, तूच सांग.

ताई


३ फेब्रुवारी

प्रिय ताई,

सांगतो. घड्याळाबद्दल कान पकडतो आणि सांगतो.

तू जन्मात बिनकामाचं काही केलेलं नाहीस. कुणाचा तरी फोन जोडायचा आहे म्हटल्यावर तू तापातही जाऊन बसायचीस. गादीवर टाच ओढून कुणाचं काय जोडलं जातं? कुणाचंच नाही. म्हणून तुझं मन तिथे बसत नाही. इतके दिवस मी हे ओळखलं नाही, मीच मूर्ख.

तेव्हा ट्रकने एक पायमशीन पाठवतोय. जुनं आहे, पण मी स्वतः खोललं, धुतलं, नवा पट्टा घातला. आता त्याचा आवाज असा येतो की डोळे मिटून शिवावं. पायडल मारशील तसा पाय हलणार. व्यायामाचा व्यायाम आणि उशांच्या खोळींच्या खोळी. सोबत खास उंच खुर्ची आहे, वर जाड गादी बसवून घेतली आहे, बसता-उठता तुझ्या गुडघ्याला त्रास नको म्हणून. हमालांना वरपर्यंत आणायचे पैसे दिलेत, त्यांचं काही ऐकू नकोस.

छोट्या


२४ फेब्रुवारी

प्रिय छोट्या,

लिहायला उशीर झाला, कारण वेळ नाही! तुझं मशीन म्हणजे लोणी आहे. आधी माझ्या खोळी झाल्या, मग समोरचीच्या. ती म्हणाली, "घड्याळाचा हिशेब यात फिटला." मग खालच्या मजल्यावरून पडदे आले. मग वरच्यांच्या मुलीचा शाळेचा झगा. सकाळी चहा झाला की कुणी ना कुणी कापड घेऊन दारात उभं असतं, मग बसावंच लागतं. एक दिवस चुकलेला नाही. सोमवारची वाट पाहिली नाही. मला ऐकू येत नाही, पण मशीन तळव्यांतून कळतं. खुर्चीही फार सुखाची. पाय लांब सोडून बसते, अजिबात दुखत नाही.

काटकोन गावाला गेली आहे. परत आली की तिला दाखवते.

ताई


१ मार्च

प्रिय ताई,

मी म्हटलं नव्हतं? कारखान्यात सगळ्यांना तुझं पत्र वाचून दाखवलं. शिलाईवाल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. चिरंजीवांना सांग, मागची खोली भाड्याने द्या.

माझंही उत्तम चाललंय. आज बागेत सासू-सुनेची एक जोडी होती. सून म्हणाली, "तुम्ही रोज चालायला येता ते माझ्या स्वयंपाकाला कंटाळून का?" सासू म्हणाली, "नाही गं. तुझा स्वयंपाक जिरवायला." सून म्हणाली, "मग जरा लांबून फेरी मारा, आज वांगी आहेत." दोघी इतक्या हसल्या की बाकाचं लाकूड कुरकुरलं.

छोट्या


६ मार्च

छोट्या,

आज आशीर्वाद नाहीत.

काटकोन आली. मी तिला मशीन दाखवलं, पडदे दाखवले, झगा दाखवला. तिने कौतुक केलं आणि पट्टी लावली. गुडघा जिथे होता तिथेच आहे. उलट किंचित मागे गेलाय! मग तिने मला मशीनवर बसवलं, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "आजी, तुमचा घोटा अगदी छान झालाय."

घोटा! माझा घोटा कधी आजारी होता का? सगळ्या इमारतीचे पडदे शिवून झाले आणि गुडघा साधा कुशीवरसुद्धा वळलेला नाही. जन्मात एक चांगली सवय लागली, ती चुकीची लागली. मार्चअखेर समोर दिसतेय. चिरंजीव काल आले होते, भांडी कशात भरायची ते बघत होते. मला कळू नये म्हणून स्वयंपाकघरात हळू पावलांनी फिरत होते. मला ऐकू येत नाही हेही विसरला बिचारा.

आणि आता तुझं. तू मला ठाम राहायला शिकवतोस ना? मी तुझी सगळी पत्रं पुन्हा वाचली. इतकी वर्षं मी लोकांची बोलणी जोडली आणि तोडली आहेत, बोलणं कुठे सुरू होतं आणि कुठे तुटतं ते मला शिकवू नकोस. चालणाऱ्या माणसाच्या कानावर अर्धी वाक्यं पडतात. दोन शब्द ऐकले की बोलणारा मागे राहतो. तुझ्या पत्रात गोष्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत असतात, मध्ये कोण किती वेळ गप्प बसलं तेही असतं, आणि बाकाचं लाकूड कुरकुरतं! बाक कुरकुरतो हे कुणाला कळतं? बाकावर बसलेल्याला.

तू बागेत जातोस. तू चालत नाहीस.

ताई


१० मार्च

प्रिय ताई,

आधी तुझं.

काटकोनचा नंबर मिळवून फोन केला. सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग म्हणाली, "काका, पायडल मारताना घोटा हलतो. गुडघा जागच्या जागी. त्यात पाय लांब सोडून बसल्या की झालंच. एवढी उंच खुर्ची त्यांना कुणी दिली?" मी म्हटलं, "दिली असेल कुणीतरी." ताई, इतकी वर्षं या मशीनच्या पोटात डोकं घालून बसलो, पण वर बसलेल्या माणसाचा गुडघा कधी पाहिला नाही.

पण तिने एक चांगली गोष्ट सांगितली. म्हणाली, "मशीन बंद करू नका. रोज बसायची सवय लागली आहे, तीच मोठी गोष्ट आहे. ती मला औषध देऊनही लावता आली नसती. फक्त बैठक खाली आणा आणि पुढे सरकवा, म्हणजे टाच आपोआप मागे घ्यावी लागेल. आणि उठताना हात टेकायचे नाहीत."

म्हणून उद्या एक स्टूल येतंय. चारही पायांच्या खाली लाकडाचे ठोकळे एकावर एक स्क्रूने बसवलेत. काटकोन सांगेल तेव्हा एकेक थर काढायचा. गादी नाही. दुखेल. टेबल छातीशी येईल, शिवण वाकडी जाईल. जाऊ दे. ती उंच खुर्ची समोरचीला देऊन टाक, घड्याळ ठेवायला.

माझं काय ते पुढच्या पत्रात. बाग घरापासून लांब आहे, स्कूटरने जाईपर्यंतच दमायला होतं. आणि उभ्या माणसासमोर लोक मोकळं बोलत नाहीत.

छोट्या


२ एप्रिल

प्रिय छोट्या,

अनेक आशीर्वाद. आज जास्तीचे.

स्टूल आलं त्या दिवसापासून तुला रोज शिव्या दिल्या, पोचल्या असतील. एकेक थर काढला की गुडघ्यात कुणी तरी पाना फिरवतंय असं वाटायचं. उठताना हात टेकायचे नाहीत म्हणून मी कापड हातात धरून उठायची, म्हणजे टेकता येऊ नये. चिडून एकदा कात्री फेकली. पण दारात माणूस पडदा घेऊन उभा असला की पुन्हा बसावं लागायचं. शिवणी अशा वाकड्या गेल्या आहेत की इमारतीतला एकही पडदा सरळ लोंबत नाही. कुणी काही बोलत नाही. समोरची म्हणते, "वाऱ्याने वाटतं तसं."

काल डॉक्टरांकडे नेलं, पुन्हा खुर्चीतून. काटकोनने पट्टी लावली. मी डोळे मिटून घेतले. तिने माझ्या हातावर टिचकी मारली. काटकोनाच्या पुढे! थोडासाच, पण पुढे. भूल नको, वाकवणं नको. डॉक्टर म्हणाले, "सोडू नका म्हणजे झालं." परत आल्यावर खुर्चीवाल्यांना म्हटलं, तुम्ही खुर्ची घेऊन पुढे व्हा. एक हात कठड्यावर, एक चिरंजीवांच्या खांद्यावर, अशी मी स्वतः चढले. जिना संपेपर्यंत तो रडत होता, गाढव. मागच्या खोलीत आता सायकली ठेवणार आहे.

हे पत्र मी स्वतः खाली जाऊन पेटीत टाकणार आहे. बघायला ये.

ताई


२२ एप्रिल

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. भेट झाली तेव्हा बोललो नाही ते लिहितो, कारण तेव्हा बोलायला दम नव्हता.

तुझा जिना एवढा उभा कधीपासून झाला? पहिल्या मजल्याच्या वळणावर माझं इंजिन बंद पडलं. कठडा धरून पायरीवरच बसलो. खालून एक बाई पिशव्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "कुणाकडे जायचंय आजोबा?" मी आजोबा! माझ्या कारखान्यात मला अजून "दादा" म्हणतात.

त्यांनी वर येऊन सांगितल्यावर तू उतरत होतीस तेव्हा मी डोळे मिटून बसलो होतो. तुला वाटलं घेरी आली. मी ऐकत होतो. गेल्या वर्षी आलो तेव्हा तुझं एक पाऊल पडायचं आणि दुसरं घासत यायचं. एका बाजूचा स्क्रू सैल झालेल्या मशीनसारखं. मी तेव्हाच घाबरलो होतो, तुला सांगितलं नाही. या वेळी दोन्ही पावलं सारखी पडत होती. माझे कान चुकत नाहीत. मी अजून थोडा वेळ डोळे उघडले नसते, पण तू काखेतून आणलेलं ते स्टूल माझ्यासमोर आपटलंस आणि म्हणालीस, "बस यावर. आणि उठताना हात टेकायचे नाहीत."

मला हसायला यायला हवं होतं. आलं नाही. परतीच्या प्रवासभर चिडलो होतो, कुणावर ते तूच ओळख.

छोट्या


१५ जुलै

प्रिय छोट्या,

खरं सांगते, मी सोडलं होतं. जिना उतरता यायला लागला, काटकोन यायची बंद झाली, उन्हामुळे कापडही कुणी आणेना, म्हटलं झालं आपलं. थोड्याच दिवसांत पाय पुन्हा लाकूड. एका सकाळी पेटीपर्यंत गेले आणि वर येताना पायरीवर अडकले, तू अडकलास त्याच वळणावर. इतका संताप आला! हे काय, जन्मभर करत राहायचं? दात घासल्यासारखं? मग वाटलं, दात घासताना कुठे चिडतो आपण.

समोरचीला सांगितलंय, कापड असो नसो, सकाळी दार वाजव. ती फाटकं फडकं घेऊन येते आणि मी त्याला काठ शिवते. तिच्याकडे इमारतीत सगळ्यात नीटनेटकी फडकी आहेत.

आता तू. तीन महिने झाले, तुझ्या चालण्याबद्दल एक अक्षर नाही. मला वचन नको, शिस्त नको, घड्याळ तर नकोच. पुढच्या पत्रात बागेतलं काही तरी लिही. पण त्यात एक जरी पूर्ण वाक्य सापडलं तर पत्र तसंच परत पाठवेन.

ताई


११ ऑक्टोबर

ताई,

तू मला फार वाईट जागी नेऊन सोडलंस.

बाकावर बसणं बंद केल्यापासून माझी प्रत्येक सकाळ खराब जाते. पहिल्या दिवशी दोन बायका समोरून आल्या. एक म्हणत होती, "मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की..." आणि गेल्या. काय सांगितलं? कुणाला? मी वळून मागे लागलो, तर त्या भराभर चालणाऱ्या. गाठेपर्यंत त्या भाजीच्या भावावर आलेल्या. दुसऱ्या दिवशी लवकर निघून उलट बाजूने गाठलं, तर म्हणाली, "...म्हणूनच तर तिने ती पेटी उघडली." कुठली पेटी, ताई?

स्कूटर घरी ठेवावी लागली, कारण ती लावेपर्यंत माणसं निघून जातात. ही म्हणते, "सकाळी बूट घालायची एवढी घाई कसली?" तिला काय सांगू? डॉक्टर म्हणाले रक्तदाब उतरलाय. मी म्हटलं, डोकं मात्र चढलंय, त्याचं काय?

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तो निळ्या टोपीवाला. तो फोनवर बोलत चालतो. ऑगस्टमध्ये माझ्या शेजारून जाताना म्हणाला, "नाही, नाही, मेलेला नाही, तो फक्त..." आणि झाडांमागे गेला. तेव्हापासून मी एक दिवस चुकवलेला नाही. पावसातसुद्धा छत्री घेऊन गेलो. मध्ये तो बरेच दिवस दिसलाच नाही. मी बागेच्या माळ्यालाही विचारलं. माळी म्हणाला, "कोण मेलंय?" मी म्हटलं, "मेलेला नाही, तेच तर!"

आज दिसला. मी इकडून, तो समोरून. मी पाऊल जरा मंद केलं, तुझी शपथ, थांबलो नाही. तो म्हणाला, "मी पहिल्यापासून सांगत होतो की नाही, शेवटी तो..."

ताई, शेवटी तो काय?

उद्या सकाळी लवकर निघतोय.

चिडलेला,
छोट्या